बावीस फूट पाण्याखालची पायरी

ड्यूई स्टबलफील्डच्या दुकानात मासे पकडायचं सगळं सामान दिवसभर मिळतं, पण सल्ला मिळतो तो फक्त सकाळी सहा ते आठ, जिवंत मासोळ्यांच्या टाकीशेजारच्या मोडक्या खुर्चीत. त्या खुर्चीत हर्शेल प्रुइट बसतात. वय चौऱ्याहत्तर. डोक्यावर काउंटीच्या रस्ते खात्याची विटकी टोपी, हातात कोकची बाटली आणि बाटलीत मूठभर खारे शेंगदाणे. होलिस तलावावर बास मासा धरायला निघालेला माणूस मेम्फिसचा वकील असो की इथल्याच शाळेचा बसड्रायव्हर, आधी त्या खुर्चीपुढे येऊन उभा राहतो. डॉक्टरपुढे जीभ बाहेर काढून उभं राहावं तसा.

"मिस्टर हर्शेल, आज काय लावू गळाला?"

हर्शेल आधी दोन शेंगदाणे चावतात.

"पाणी कसंय?"

"गढूळ."

"गढूळ म्हणजे? बिनदुधाच्या गोड चहासारखं, की चॉकलेट घातलेल्या दुधासारखं?"

"चहा. पण जरा दाट."

"मग त्या चकचकीत काचेसारख्या मासोळ्या ठेव पेटीत. तुला दिसतात, माशाला नाही दिसायच्या. काळंनिळं रबरी गांडूळ घे, नाहीतर फिरत्या चकतीचं आमिष घे. चकती गोल हवी, लांबट नको. गोल चकती पाण्यात धपधप करते. गढुळात मासा डोळ्यांनी शोधत नाही, अंगानं ऐकतो."

"आणि दुपारी पाणी निवळलं तर?"

"निवळलं आणि ऊन पडलं, तर दोरा बारीक, आमिष लहान, रंग फिका आणि माणूस गप्प. पहिल्या तीन गोष्टी ड्यूई तुला देईल. चौथी तुझी तू बघ."

गवत असेल तर टोक लपवलेला गळ. खडक असेल तर खेकड्याच्या रंगाची, मोठ्या जिभेची लाकडी मासोळी, जी बुडी मारून खडकांवर डोकं आपटत जाते. थंडीत सगळं सावकाश. "माशाला थंडी वाजते तेव्हा तोही माझ्यासारखाच असतो," हर्शेल सांगतात, "ताट अगदी नाकाशी आणून ठेवलं तरच जेवतो." माणसं ऐकतात, ते सांगतील ते घेतात आणि संध्याकाळी मासे घेऊन परत येतात.

फक्त हर्शेल येत नाहीत मासे घेऊन. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते आपली ॲल्युमिनियमची नाव काढतात, बुडालेल्या जुन्या पुलाच्या टोकाकडे जातात, चार तास दोरा सोडून बसतात आणि रिकामे परत येतात. अठरा वर्षं हे चाललंय. आमच्या तलावावर रिकामं परत येणाऱ्या माणसाबद्दल दोनच तर्क होतात: एक तर त्याला काही येत नाही, नाहीतर तो काहीतरी लपवतोय. पहिला तर्क हर्शेलबाबत करायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे अख्ख्या काउंटीची खात्री होती, की म्हातारा दहा-दहा पौंडांचे बास धरतो आणि जागा फुटू नये म्हणून गुपचूप सोडून देतो.

एकदा तळ दिसावा इतक्या स्वच्छ पाण्यात, रखरखीत उन्हात, हर्शेलच्या दोऱ्याला भडक गुलाबी गांडूळ लावलेलं कुणीतरी पाहिलं. आठवड्याभरात ड्यूईकडचं गुलाबी गांडूळ संपलं. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या काउंटीतलंही संपलं. पास्टरसाहेबांनी प्रवचनात त्याचा उल्लेख केला. मासा कुणालाच लागला नाही, पण त्याचा दोष प्रत्येकानं स्वतःकडेच घेतला.

खरी गोष्ट कुणाच्या स्वप्नातही आली नसती. हर्शेलना मासा नकोच होता. कोणत्या पाण्यात माशाला काय आवडतं हे त्यांना इतकं नेमकं कळे, की त्याच्या बरोब्बर उलटं ते लावत. गळ तर नसेच. नुसता वजनाचा गोळा आणि त्याच्यामागे लोकलाजेखातर ते गुलाबी गांडूळ. नुसता गोळा पाण्यात सोडून बसलेला माणूस दिसला असता तर नॅशव्हिलला राहणाऱ्या त्यांच्या मुलीला फोन गेला असता, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय म्हणून.

हर्शेल घर शोधत होते. पुलाच्या त्या टोकाशी, बावीस फूट पाण्याखाली, बेथेल क्रीक नावाचं गाव होतं. एक्कावन्न साली धरणाचं पाणी चढायच्या आधी सरकारी माणसांनी घरं पाडली, लाकूड जाळलं, झाडं तोडली, थडगी उकरून टेकडीवर नेली. उरलं ते हलवता न येणारं. पुलाचे खांब उरले, विहिरीचं कडं उरलं आणि प्रुइटांच्या दारापुढची पायरी उरली.

ती पायरी म्हणजे पणजोबांच्या पाणचक्कीतल्या जात्याचा वरचा दगड. चार फूट रुंद, गोल, आणि मधोमध खरबूज जाईल एवढं भोक. त्या भोकात नऊ वर्षांच्या हर्शेलनं काय काय टाकलं होतं! गोट्या, बटणं, एक जिवंत बेडूक, आणि एकदा आईचं शिवणाचं चांदीचं अंगुस्तान. आई, म्हणजे लॉटी प्रुइट, संध्याकाळी त्या दगडावर बसून शेंगा मोडायची आणि शेतातून येणाऱ्या प्रत्येकाला ओरडायची, "पाय पुसल्याशिवाय आत यायचं नाही!"

गाव सोडायच्या दिवशी वडिलांनी पहार लावून तो दगड उपटायचा प्रयत्न केला. दोन माणसं घामाघूम झाली, दगड इंचभर हलला नाही. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. घर तर आदल्याच दिवशी पाडलेलं. दार नव्हतं, भिंती नव्हत्या, नुसती पायरी. आणि लॉटीनं ट्रकमधून झाडू काढला आणि ती पायरी स्वच्छ झाडली.

"असू दे ती इथंच," ती नवऱ्याला म्हणाली. "परत आलो की पाय कुठे पुसायचे?"

मोठ्यांना कळलं की ती असंच बोलली. हर्शेलला वाटलं, परत यायचंय.

ते वाटणं वयाबरोबर जायला हवं होतं. गेलं नाही. नोकरीत दबून राहिलं, लग्नात दबून राहिलं, आणि निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात वर आलं. शाळेतून येताना पूल ओलांडला की हर्शेल पावलं मोजत घरी येई. पुलापासून पायरीपर्यंत एकशे चाळीस, रोज, न चुकता. म्हातारपणी त्यांनी अंगणात एकशे चाळीस पावलं चालून फीत लावली. साडेतीनशे फूट. पुलाचा खांब गोळ्यानं चाचपून शोधला, तिथे दुधाचं रिकामं प्लॅस्टिकचं कॅन बांधून तरंगत ठेवलं आणि तिथून जुन्या रस्त्याच्या अंदाजानं साडेतीनशे फूट मोजले.

त्यासाठीचं सामानही त्यांनी असं निवडलं होतं की ड्यूईला हेवा वाटावा. शिशाचा गोळा नाही, कारण शिसं मऊ, ते बोलत नाही. टंगस्टनचा गोळा. ताण न घेणारा विणलेला दोरा, म्हणजे खालची खबर वाटेत सांडत नाही. काठी हलकी, टोकाला कडक. डोळे मिटून काठीचा बुंधा छातीला टेकवला की तळ स्वतःहून सांगतो. चिखल काहीच बोलत नाही. खडी करकरते. लाकूड ठप्प म्हणतं आणि धरून ठेवतं. दगड म्हणतो, टक.

अठरा वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी साडेतीनशे फुटांवर दगड म्हणाला, टक. सपाट, रुंद, गुळगुळीत. हर्शेल नावेत बसून रडले आणि घरी गेल्यावर बायकोला, इमोजीनला, वाऱ्यानं डोळे लाल झालेत असं सांगितलं. पुढच्या वर्षी इमोजीन गेली. मंगळवार-शुक्रवार तर आता पुरतेच त्या दगडाचे झाले. दोन-चार वेळा हळूच टकटक करायचं, मग शांत बसायचं. एकच गोष्ट खुपत राहिली. भोक कधी लागलं नाही. गाळानं भरलं असेल, त्यांनी मनाची समजूत घातली.

ऑगस्टमध्ये नाव गाडीवर चढवताना हर्शेल घसरून पडले आणि गुडघ्यानं राजीनामा दिला. मुलगी डेनिस ऐकायलाच तयार नव्हती.

"डॅडी, शनिवारी येतेय मी न्यायला. तुमची नाव एका डेंटिस्टनी विकत घेतलीय, तेही शनिवारीच येतील."

"मला विचारलंस?"

"तीन महिने विचारतेय! तुम्ही विषय बदलता. आणि आमच्या कॉलनीत तळं आहे, डॅडी. बदकं पण आहेत."

"बदकं," हर्शेल म्हणाले.

गुरुवारी ते थोरल्या बहिणीला, नेडीनला, भेटायला वृद्धाश्रमात गेले. नेडीन अठ्ठ्याहत्तरची. तिला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण एक्कावन्न सालच्या आधीचं विचाराल तर घोड्यांची नावंसुद्धा सांगते. तिच्यासाठी त्यांनी पिमेंटो चीजचं सँडविच नेलं होतं. ते अर्धं संपलं तेव्हा हर्शेलनी, जन्मात पहिल्यांदा, कुणालातरी सगळं सांगितलं. दगड, गोळा, टकटक, सगळं.

नेडीननं बोटं चाटली.

"किती पावलं म्हणालास?"

"एकशे चाळीस."

"तुझी एकशे चाळीस. माझी शंभरच व्हायची."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? मी तेराची, तू नऊचा. केवढेसे होते तुझे पाय! मी दारात पोचून दप्तर टाकायची तरी तुझं मागं चाललेलं, एकशे अकरा, एकशे बारा. आई म्हणायची, आला बघ आपला मोजणीदार."

रस्ते खात्यात तीस वर्षं त्यांनी मोजण्याचंच काम केलं होतं. काउंटीतला एकही रस्ता त्यांच्या फितीतून सुटला नव्हता. आणि आईच्या दारापर्यंतचा रस्ता त्यांनी अकरा नंबरच्या बुटांनी मोजला होता.

"नेडीन," ते म्हणाले, "पुलापासून साडेतीनशे फुटांवर काय होतं गं?"

"आपल्या पुढे? रिकमनांचं." नेडीननं डोळे बारीक केले. "त्यांचा डुकरांचा गोठा. फरसबंद होता ना तो! अख्ख्या गावात तेवढीच एक फरशी. आई म्हणायची, रिकमनची डुकरं आपल्यापेक्षा बऱ्या घरात राहतात."

मग तिच्या लक्षात आलं. ती इतकी हसली की नर्स धावत आली.

"अठरा वर्षं, हर्श? डुकरांच्या दारावर?"

"इमोजीन गेली तेव्हा," हर्शेल हळूच म्हणाले, "मी तिथंच जाऊन सांगितलं होतं आईला."

नेडीनचं हसू थांबलं. तिनं उरलेलं अर्धं सँडविच कागदात नीट गुंडाळलं आणि भावाच्या हातात दिलं. लहानपणी रडू आवरायला ती असंच काहीतरी खायला द्यायची.

"उद्या शुक्रवार आहे ना?" ती म्हणाली. "मग जा की. आणि हे बघ, आईचं अंगुस्तान त्या भोकात तू टाकलं होतंस. पण मार मी खाल्ला होता."

शुक्रवारी सकाळी हर्शेल दुकानात आले ते खुर्चीत बसलेच नाहीत.

"ड्यूई, माझ्याबरोबर चल. गुडघा साथ देत नाहीये."

ड्यूईच्या हातातला कॉफीचा कप तसाच राहिला. अठरा वर्षं तो या आमंत्रणाची वाट बघत होता. त्यानं दारावर 'लवकरच येतो' अशी पाटी लावली, आपल्या चार उत्तम काठ्या उचलल्या आणि चिखलाच्या बुटांनिशी नावेत उडी मारली.

"बूट! माझ्या नावेत ही घाण नको," हर्शेल खेकसले.

"उद्या डेंटिस्टची होणारय नाव."

"उद्या होईल तेव्हा होईल."

पाणी आरशासारखं होतं, पण हर्शेलच्या खिशातला रेडिओ सांगत होता की नऊनंतर वारा सुटेल. वारा सुटला की हलकी नाव एका जागी ठरत नाही. म्हणजे हातात दोन तास. दुधाच्या कॅनला दोरीचं टोक बांधून ते मोजत निघाले. नऊ वर्षांच्या पोराचं पाऊल दीड फुटाहून जरासं मोठं. एकशे चाळीस पावलांचे दोनशे वीस फूट, दहा इकडेतिकडे. तिथे ड्यूईनं नांगर सोडला.

"इथे?" ड्यूईचा चेहरा पडला. "मिस्टर हर्शेल, इथे काही नाहीये. मी शंभरदा गेलोय इथून. तुमची जागा तर पुढे आहे."

"ती डुकरांची जागा आहे."

ड्यूईनं म्हाताऱ्याकडे एकदा पाहिलं आणि नांगराची दोरी घट्ट केली.

आज हर्शेलनी नेहमीचा गोळा काढून अर्ध्या वजनाचा लावला, लांबट, बोटाच्या पेराएवढा. जड गोळा जोरात बोलतो, पण बारीक गोष्टी गिळतो. दोरा सगळ्यात बारीक निवडला. अठरा वर्षं ते दुसऱ्यांना जे सांगत होते, ते आज पहिल्यांदा त्यांनी स्वतःला हव्या असलेल्या गोष्टीसाठी केलं. गांडूळ मात्र सवयीनं गुलाबीच लागलं.

चिखल. चिखल. खडी. नाव दोन हात पुढे. चिखल. काहीतरी ठप्प म्हणालं, धरलं, सुटलं. कुंपणाचा खांब असावा. ड्यूई नांगराची दोरी हातात धरून बसला होता आणि दर मिनिटाला घड्याळ, आकाश आणि म्हातारा असं आळीपाळीनं बघत होता. आठ वाजले. साडेआठ. पाण्यावर पहिली सुरकुती उमटली.

आणि काठी वाकली.

"लागला!" ड्यूई उभाच राहिला. "अरे देवा! मिस्टर हर्शेल, ओढा! खेचा!"

काठी कमानीसारखी झाली होती. पाण्याखाली हिरवट, रुंद अंग एकदा वळलं आणि ड्यूईला बादलीएवढं तोंड दिसलं. होलिस तलावातला इतका मोठा बास त्यानं फक्त दुकानातल्या कॅलेंडरवर पाहिला होता.

"सोड रे बाबा," हर्शेल पाण्याकडे बघून कळवळून म्हणाले. "आज नको. आज वेळ नाहीये मला. सोड ते."

माशानं गुलाबी गांडूळ सोडलं आणि तो निघून गेला.

ड्यूईनं दोरा हातात घेऊन पाहिला. गोळा होता, गांडूळ होतं. गळ नव्हता. तो मटकन खाली बसला.

"गळ नाहीये."

"नाहीये."

"कधीच नव्हता?"

"अठरा वर्षांत नाही."

"माझ्याकडे तीन खोकी गुलाबी गांडुळं पडलीयेत," ड्यूई रडवेल्या आवाजात म्हणाला. "लोकांना मी काय सांगू?"

हर्शेलनी गांडूळ दातांनी तोडून पाण्यात टाकलं आणि नुसता गोळा सोडला. पश्चिमेकडून वारा आला. नाव कुरकुरली, नांगराभोवती वळायला लागली. त्यांनी डोळे मिटले, बुंधा छातीला टेकवला.

टक.

ते हलले नाहीत. काठीचं टोक त्यांनी बोटभर डावीकडे नेलं. टक. अजून बोटभर. टक. अजून बोटभर, आणि मग काहीच नाही. दगड संपला म्हणून नाही. गोळा खाली गेला, वीतभर, मग अजून वीतभर, आणि आतल्या आत थांबला. टोक उजवीकडे नेलं. टक. पुढे. टक. मागे. टक. चारी बाजूंनी दगड.

"अडकलं?" ड्यूई म्हणाला. त्याचा हात आपोआप पेटीकडे गेला. अडकलेला गळ सोडवायला दोऱ्यावरून खाली सोडायचं जड कडं त्याच्याकडे नेहमी असे. "थांबा, कडं टाकतो, एका मिनिटात सुटेल."

"हात लावू नकोस!"

इतक्या वर्षांत हर्शेल असे ओरडले नव्हते. मग हळू आवाजात, काठी छातीशी तशीच धरून, डोळे मिटलेलेच ठेवून, त्यांनी ड्यूईला सांगितलं. जातं, शेंगा, पाय पुसणं, पहार, झाडू. रिकमनची डुकरंसुद्धा. वारा वाढत होता आणि ड्यूई दोन्ही हातांनी नांगराची दोरी ओढून नाव जागेवर धरून होता. तळहात सोलले होते, पण त्यानं सैल सोडलं नाही.

"आईला सांगायचं होतं काहीतरी," हर्शेल म्हणाले. "ते नेमकं आठवत नाहीये आता. इमोजीनचं सांगायचं होतं. उद्याचं सांगायचं होतं."

"मग सांगा की," ड्यूई म्हणाला. "मी नाही ऐकत."

हर्शेलचे ओठ जरासे हलले. काय ते ड्यूईनं खरंच ऐकलं नाही, वाऱ्यामुळे म्हणा किंवा कसंही. मग म्हाताऱ्यानं खिशातून चाकू काढला, दोरा पाण्याच्या अगदी जवळ, नीट, तिरका कापला, आणि त्याचं टोक क्षणभर बोटांत धरून सोडून दिलं. ते पाण्यावर दोन वेटोळी घेऊन खाली गेलं.

परतायचं म्हणून त्यांनी मोटारीच्या दांड्याला हात घातला, तेव्हा ड्यूई नांगर वर घेऊन तसाच उभा होता. त्यानं टोपी काढून काखेत धरली होती. तो खाली पाण्याकडे बघत होता आणि उजवा बूट, मग डावा, नावेतल्या जुन्या चटईवर नीट, टाचेपासून चवड्यापर्यंत, पुसत होता.